भामरागडहून आलेला फोन
राइस मिलच्या कोंड्याचा वास आला की मूल गावच्या मिलमधली ती दुपार आठवते. स्वयंसेवकांनी चालवलेल्या प्रोग्रामिंगच्या एका साइटला मी पहिला लेख पाठवला होता. तिथं संपादक लेखातला कोड स्वतः चालवून बघत, मगच लेख टाकत. पण कित्येक दिवस उत्तरच नाही. लेख भिकारच असणार, असं ठरवून मी तो मागे घ्यायला बसलो, तोच संपादक बाईंचा फोन आला. "भाऊ, भामरागडहून बोलून राह्यली. पुरानं रस्ता बंद, नेटवर्कबी नव्हतं, आत्ताच आलं. तुमचा कोड चालवला. एक ओळ अडली होती, दुरुस्त केली. बाकी मस्त आहे, आज टाकते." मिलच्या घरघरीत मी एकटाच मोठ्यानं हसलो. आता मीही तिथं संपादक आहे. कोणाचाही लेख आला, की उघडल्याबरोबर कळवतो, "मिळाला. वाचून राह्यलो."