रुळांच्या अलीकडची डॉक्टर

डेलचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होते. फेब्रुवारीतली दुपार होती. "सुनीता, मी डेल. डॉकच्या समोर राहतो तो," एवढं म्हणून तो थांबला आणि त्याच्या मागून मालगाडीचा आवाज सुरू झाला. आधी भोंगा, मग चाकांचा सलग, जड घरघराट. अर्डेलियाहून येणारा फोन असा मध्येच थांबतो, याची मला सवय होती. त्या गावात गाडी जात असताना कुणी आवाज चढवून बोलत नाही. वाक्य जिथे असेल तिथे सोडायचं, शेवटचा डबा गेला की पुढच्या शब्दापासून उचलायचं. किराणा दुकानात, चर्चमध्ये, भांडणातसुद्धा. मी हातातली खरवडणी बॉनेटवर ठेवली आणि थांबले. डेलचा नंबर माझ्याकडे 'मावशी, तातडीसाठी' या नावाने होता आणि त्यावरून आजवर एकदाही फोन आला नव्हता. गाडी लांब होती. ती संपेपर्यंत मला कळायचं ते कळून चुकलं होतं. आवाज विरल्यावर तो म्हणाला, "...डॉक गेली."

डॉक म्हणजे माझी कुमुदमावशी, आईची मोठी बहीण. नागपूरला डॉक्टर होऊन ती आणि श्रीधरकाका दोघंही अमेरिकेत आले, त्या काळी शिकागोच्या मोठ्या इस्पितळांना अशा नवख्या जोडप्याची गरज नव्हती. गरज होती ती इलिनॉयच्या पश्चिमेकडे मक्याच्या शेतांमध्ये हरवलेल्या गावांना. अर्डेलियाला दोन डॉक्टर हवे होते, हे दोघं होते. काका म्हणायचे, "आमचं लग्न जसं जमलं तसंच हे. पत्रिका कुणी पाहिलीच नाही."

गावाचा इतिहास मावशी प्रत्येक पाहुण्याला सांगायची, चहा उकळेपर्यंत तो बरोबर संपायचा. वाफेच्या इंजिनाला ठरावीक अंतरावर पाणी लागायचं, म्हणून रेल्वे कंपनीने माळावर एक टाकी उभी केली. टाकीपाशी गाडी थांबायची, म्हणून खानावळ आली. मग इंजिनं दुरुस्त करायची शेड, धान्याचं उंच कोठार, शाळा, तीन चर्च. गावाला नाव दिलं रेल्वेच्या कुण्या अधिकाऱ्याच्या मुलीचं, आणि ती अर्डेलिया इकडे कधी फिरकलीसुद्धा नाही. "शहाणी पोरगी," मावशी म्हणायची. पुढे डिझेल इंजिनं आली. त्यांना पाणी नको होतं. शेड बंद झाली, माणसं जिथे काम होतं तिथे गेली. वेशीवरच्या पाटीवर लोकसंख्येचा आकडा एके काळी चार अंकी होता, मावशी आली तेव्हा तो तीन अंकी होण्याच्या बेतात होता. आता तर पाटी बदलायचं काम कुणाचं, हे सांगणाराच नगरपालिकेत उरलेला नाही.

रूळ गावाच्या मधोमध जातात. उत्तरेला इस्पितळ, कचेरी, बँक. दक्षिणेला कोठार आणि रेल्वे कामगारांची लाकडी घरं. डॉक्टर मंडळींनी उत्तरेला राहायचं, हे ठरलेलंच होतं. मावशीने तिथलं घर पाहिलंही होतं. पण पहिल्याच हिवाळ्यात एक मालगाडी बिघडून फाटकावर उभी राहिली आणि दक्षिणेकडच्या एका बाईला पलीकडच्या इस्पितळात वेळेवर नेता आलं नाही. काय झालं ते मावशीने मला कधी नीट सांगितलं नाही... "मी इस्पितळाच्या खिडकीतून बघत होते. डब्यांच्या फटीतून तिचं घर दिसत होतं," एवढंच म्हणाली. त्यानंतर दोघांनी घर घेतलं ते दक्षिणेला, रुळांना अगदी खेटून. काका रोज इस्पितळात, म्हणजे पलीकडे. मावशी पुढच्या खोलीत दवाखाना मांडून अलीकडे. गाडी कितीही वेळ उभी राहो, दोन्ही बाजूंना एकेक डॉक्टर. साधी योजना होती. मी पोटापाण्यासाठी गोदामांची वेळापत्रकं आखते, तरी याहून साधी योजना मला कधी सुचलेली नाही.

मी शिकागोजवळ नेपरव्हिलला संसार थाटला तेव्हापासून वर्षातून दोन-तीनदा तिच्याकडे जायचे. पहिल्या खेपेला गाडी आली आणि मावशी फोडणीच्या गप्पांमध्ये अर्ध्या वाक्यावर थांबली. हात तसाच, डाव तसाच. मला वाटलं, तिला काही झालं की काय. "मावशी? मावशी..." ती नुसती बोट वर करून उभी. शेवटचा डबा गेल्यावर म्हणाली, "...आणि मग हिंग. घाबरलीस काय वं?" पुढे मलाही ते जमायला लागलं. फोनवर ती थांबली की मी तेवढ्यात भाजी निवडून घ्यायचे, दोन मेल पाठवायचे.

उभ्या गाडीचं मात्र वेगळं. उभी गाडी गप्प असते. ती निघते तेव्हा इंजिनाकडून एकेक जोडणी ताणली जाते आणि 'खण्ण' असा आवाज डब्याडब्यांतून मागे पळत येतो. मावशीला तो कुणाच्याही आधी ऐकू यायचा. पेशंटचा हात धरून बसलेली असायची आणि म्हणायची, "सुटली. आता फाटक उघडेल, चला, जोडे घाला."

मग एकेक गोष्ट बंद होत गेली. आधी प्रसूतीचा विभाग, मग रात्रपाळी, मग आख्खं इस्पितळ. काका त्याआधीच कॅन्सरने गेले होते, ते एक बरं झालं म्हणायचं. अँब्युलन्स आता जिल्ह्याच्या गावाहून येते, उत्तरेकडून. आणि गाड्या लांब झाल्या. पुढची लाइन मोकळी नसली की त्या अर्डेलियातच थांबतात आणि गावातली दोन्ही फाटकं एकदम अडवतात. पूर्वी गाडी थांबायची म्हणून गाव वसलं, आता गाडी थांबते म्हणून गाव अडतं. रुळांखालून रस्ता काढायचा प्रस्ताव किती तरी वर्षं पडून होता. तो मंजूर व्हायला लोकसंख्या पुरत नव्हती. एका बैठकीला मी मावशीला घेऊन गेले होते. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याने नम्रपणे विचारलं, दक्षिणेला आता राहतात तरी किती माणसं? मावशी काठी टेकत उठली. "आज सकाळपर्यंतची सांगू, की तुमचा रस्ता बांधून होईल तेव्हाची?" लोक हसले. अधिकारीही हसला. त्यापुढे काही झालं नाही.

दवाखाना तिने कधीच बंद केला होता. ऐंशी ओलांडली होती, परवाना परत केला होता. तरी बॅग दाराशी भरलेली असायची. कुणी पडलं, कुणाला धाप लागली, की अँब्युलन्स पोहोचेपर्यंत तिने जाऊन बसायचं. मला हे बघवत नव्हतं. गेल्या दिवाळीला मी सगळं ठरवूनच गेले. आमच्या घरापासून जवळ ज्येष्ठांसाठीची जागा, खालचा मजला, शेजारी दोन मराठी कुटुंबं, कार्डिऑलॉजिस्ट गावातच. फराळाचं ताट बाजूला सारून मी एकेक मुद्दा मांडला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तुझं सगळं बरोबर आहे," ती म्हणाली. "मी गेल्यावर अलीकडे कोण?"

"मावशी, अलीकडे आता उरलंय तरी कोण? डेल आणि..."

"डेल आहे. रोसा आहे."

डेल म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेला, समोरच्या घरात एकटा राहणारा म्हातारा. रोसा आणि तिचा नवरा ग्वाटेमालाहून आलेले. मांसाच्या कारखान्यात कामाला होते आणि तिसऱ्या घरात भाड्याने राहायचे. रोसाला मार्चमध्ये बाळ होणार होतं. "किती वर्षांनी अलीकडे पोर जन्माला येतंय, सुनी. तेवढं होऊ दे. एप्रिलमध्ये बर्फ गेला की तू म्हणशील तिथे येते." मग चकली मोडत म्हणाली, "आणि तुझ्या त्या जागेत गाड्यांचा आवाज येतो का बघून ठेव. नाहीतर माझं बोलणं कधी संपायचंच नाही."

मी एप्रिल पक्का केला. ट्रक सांगून ठेवला. तोपर्यंत तिच्या गळ्यात बटण दाबलं की मदत बोलावणारं लॉकेट घातलं. तिने कुरकुर केली, पण घातलं.

फेब्रुवारीतल्या त्या दुपारी तिने ते बटण दाबलं. मग डेललाही हाक मारली. पुढचं सगळं डेलकडून कळलेलं. तो आला तेव्हा ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती, रंग उतरलेला, कपाळावर घाम. तिने स्वतःच स्वतःचं निदान सांगितलं, अ‍ॅस्पिरिन चघळली आणि म्हणाली, "डेल, हार्ट आहे. फाटक बघ." फाटकावर गाडी उभी होती. अँब्युलन्स वेळेवर आली, पण रुळांच्या पलीकडे. डब्यांच्या फटीतून तिचा लाल दिवा फिरताना खिडकीतून दिसत होता. उभ्या गाडीखालून जायला त्या लोकांना मनाई आहे, ती कधीही हलू शकते. हायवेचा पूल फिरून यायचा तर खूप लांब, आणि गाडी आता सुटेल, आता सुटेल असं प्रत्येकालाच वाटत राहतं. त्यातला एकजण फोनवरून डेलला काय करायचं ते सांगत होता. डेलने फोन मावशीच्या कानाशी धरला तर ती त्यालाच म्हणाली, "मला माहीत आहे ते सगळं. तू फक्त लवकर ये."

मग बराच वेळ दोघं नुसती बसून होती. रोसाला बोलावू का, असं डेलने विचारलं. "तिला नको. या दिवसांत तिने हे बघायला नको." मध्येच तिने मान कलती केली, डोळे मिटले. डेलला काहीच ऐकू आलं नव्हतं. "सुटली," ती म्हणाली, आणि मग तो 'खण्ण' आवाज आला, डब्याडब्यांतून पळत. मावशी त्याच्याकडे वळली. "डेल, ते आले की त्यांना सांग..." एवढ्यात घराच्या भिंती थरथरायला लागल्या, चाकांचा आवाज खोलीत भरला, आणि ती थांबली.

डेलही थांबला. त्याचा जन्म या गावातला. गाडी जात असताना समोरच्याने वाक्य सोडलं की वाट बघायची, हे त्याला शिकवावं लागत नाही. तो तिच्या पायाशी स्टुलावर बसून, खिडकीतून जाणारे डबे बघत, तिचं पुढचं वाक्य ऐकायला थांबला. जड गाडी हळू वेग घेते. शेवटचा डबा गेला, फाटक वर झालं, अँब्युलन्स वळली, आणि तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिलं.

"मला वाटलं, ती गाडीसाठी थांबलीये," हे त्याने मला तीनदा सांगितलं. पुढचे काही आठवडे फोनवर तो एकच विचारायचा. काय सांगायचं असेल तिला? मला कामाच्या गोष्टी तेवढ्या सुचतात, म्हणून मी त्याच जुळवून पाहिल्या. तिला चालत नसलेली औषधं? मागच्या दाराने या, पुढचं अडकतं, हे? की पायरीवर बर्फ आहे, जपून? शेवटचंच असणार, असं मी डेलला सांगितलं. ती दारात येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगायची. त्याला पटलं की नाही, कळलं नाही... मला तरी कुठे पटलं आहे.

रोसाचं बाळ मार्चमध्ये झालं, जिल्ह्याच्या इस्पितळात, सुखरूप. पण त्याआधी बरेच दिवस ती दोघं पलीकडे एका मोटेलात जाऊन राहिली होती. अलीकडे थांबायची त्यांची हिंमत झाली नाही. बाळाला घेऊन ती परत आलीच नाहीत, तिकडेच खोली घेतली. अलीकडे आता डेल आहे.

ट्रक मी ठरल्या दिवशीच बोलावला, एप्रिलमध्ये. फक्त सामान वेगळ्या पत्त्यांवर गेलं. भांडी आमच्याकडच्या मराठी मंडळाच्या स्वयंपाकघराला, पुस्तकं जिल्ह्याच्या वाचनालयाला, काकांचे कोट चर्चला. बॅग मी घेतली. खिडकीजवळची खुर्ची डेलने मागितली होती, ती शेवटपर्यंत जागेवर ठेवली. ट्रक निघून गेला, मी किल्ली त्याच्या हातात देत घराच्या विक्रीचं सांगायला लागले आणि गाडी आली. आली आणि हळू होत होत फाटकावर थांबली. माझी कार अलीकडे, घरी जायचा रस्ता पलीकडे.

"आत चल," डेल म्हणाला. ती खुर्ची आणि एक स्टूल सोडलं तर बसायला आता काही नव्हतं. तो स्टुलावर बसला, मी जमिनीवर, भिंतीला टेकून. ती खुर्ची आमच्या मध्ये. बोलायला काही हरकत नव्हती, उभी गाडी गप्प असते, पण दोघंही कान लावून होतो. पुष्कळ वेळाने तो आवाज डब्यांतून पळत आला, दोघांनाही तो आल्यावरच कळला. भिंती थरथरल्या. डबे जात राहिले. शेवटचा गेला, फाटक उघडलं, मला निघायला हवं होतं. डेल उठला नाही. तो खुर्चीकडे बघत तसाच थांबला होता, आणि मीही थांबले... पुढचं वाक्य तिचं होतं.