पहिल्या टेबलाची मावशी

मावशी बोलायला लागली की पार कारखान्याच्या भट्टीवरची माणसं वळून बघत. मिठागरात एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाक पोचवावी लागते, तिथे तयार झालेला तो आवाज. ती कळव्याची. मिठागर सुटल्यावर ठाण्याच्या आमच्या काचकारखान्यात आली. कंदिलाच्या काचा पुसायच्या, तडा बघायचा आणि पेंढा घालून खोक्यात भरायच्या, हे आम्हा बायकांचं काम. स्वातंत्र्याला तेव्हा थोडीच वर्षं झाली होती.

फोरमन एखादीवर ओरडला की मावशी हातातली काच खाली ठेवायची. "तिला बोललाव म्हंजे आमाला बोललाव," एवढंच म्हणायची. मग सगळ्याच जणी काचा खाली ठेवत. थोड्या वेळानं फोरमनच नरम पडायचा.

पुढे नवे साहेब आले. त्यांनी सहा-सहा जणींची टेबलं केली. आता एकेकीचं काम मोजायचं नाही. टेबलाचं मिळून मोजायचं आणि जे टेबल जास्त भरेल त्याला वर बक्षिसी. मावशी पहिल्या टेबलाला होती, मी शेजारच्या. तिला ही गोष्ट फार आवडली. "बरा झाला," ती म्हणाली, "आता कोनी एकटी नाय." आणि सुरुवातीला खरंच तसं झालं. कमळा पोटुशी होती, तिचा हात मंदावला, तेव्हा टेबलावर कुजबुज सुरू झाली. मावशीनं एका वाक्यात ती बंद केली. "तिच्या पोटान पोर हाय. तवर तिचे हात मी हाय." कमळा बाळंतपणाला जाईपर्यंत तिच्या वाटणीचं खोकं मावशीच भरत होती.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात तडकलेली काच मावशीच्या उजव्या तळव्यात फुटली. जखम भरली, पण दोन बोटं वळेनात. ती परत कामावर आली तेव्हा पहिलं टेबल मागे पडायला लागलं. फोरमन एकदाही ओरडला नाही. टेबलाशी उभा राहून एवढंच म्हणाला, "टेबल तुमचं आहे. तुमचं तुम्ही ठरवा."

जेवणाच्या सुट्टीत त्या ठरवायला बसल्या. शेवटी कमळाच बोलली.

"मावशी, रागावू नका. पोराला वरचं दूध लागतं. तुम्ही झाडलोटीचं काम मागून घेतलंत तर..."

मावशीनं एकेकीकडे बघितलं. सगळ्यांच्या माना खाली होत्या. त्या खणखणीत आवाजाची बाई इतकं हळू बोलली, की मला जेमतेम ऐकू आलं. "बरा," ती म्हणाली, आणि डबा झाकून उठली.

युनियनचे अण्णा तावातावानं साहेबांकडे गेले आणि लगेच परत आले. "साहेब म्हणतात, आम्ही कुणाला काढलं नाही, बायकांनीच सांगितलं," ते म्हणाले. "आता मी भांडू कुणाशी?" नंतर फोरमन कुणावर ओरडला तर काच खाली ठेवणारं कोणी उरलं नव्हतं. तशी वेळही फारशी येत नसे. त्याचं ओरडायचं काम आम्हीच एकमेकींवर करत होतो.

मावशीनं काही दिवस अंगण झाडलं. मग ती यायची बंद झाली.

दिवाळीनंतर मी कळव्याला तिच्या घरी गेले. ओट्यावर बसून ती डाव्या हातानं सुक्या मासळीतला जवळा निवडत होती. कमळाचं पोर चालायला लागलं का, असं तिनं आधी विचारलं. मग म्हणाली, "माज्या जाग्यावं कोन बसते?"

"कोणी नाही, मावशी. नवीन बाई दिलीच नाही. तेवढंच काम आता पाचजणी करतात."

मावशी जवळ्यातला कचरा वेचत राहिली. मी उठले तेव्हा तिनं निवडलेला जवळा कागदात बांधून माझ्या हातात दिला.