पुन्हा, पहिल्यापासून

"सही करणार आहात की नाही, एवढंच सांगा."

"आधी मी तिच्याशी बोलणार."

"बोलणार! ती 'हो' म्हणेल, 'नाही' म्हणेल, फार तर 'बरं' म्हणेल. झालं तुमचं बोलणं!"

"अगं, म्हणूनच तर इथवर आणलंय ना? गारवा आहे, झाडं आहेत. निवांत बसू, तिचं मन वळवू."

"झाडं बघून मनं वळत असती तर माकडं केव्हाच संत झाली असती," विद्युलता म्हणाली आणि वसतिगृहाचा फॉर्म तिनं नवऱ्याच्या पुढ्यात आपटला.

येलगिरीच्या डोंगरावर धनलक्ष्मी नावाच्या बाईच्या घरी दोन दिवस मुक्काम होता. लेकीची, कौमुदीची, दहावी झाली होती. मद्रासजवळच्या आवडी गावात क्वार्टर्सच्या दारात शाळा असताना पोरीला अकरावीसाठी कोइम्बतूरच्या वसतिगृहात जायचं होतं. सोमवार फॉर्मचा शेवटचा दिवस. का जायचंय, ते ती सांगत नव्हती.

विद्युलताचा नवरा गजेंद्र मूळचा भुसावळकडचा. बदली होऊन आवडीच्या कारखान्यात आला तेव्हा कौमुदी चार वर्षांची होती. काम तपासनिसाचं. चष्मा नाकावर ओढून सुटा भाग उजेडात धरायचा, मापाला लावायचा; बसला तर पास, नाही तर परत. गजेंद्र सरांच्या हातून वाकडा खिळासुद्धा सुटत नाही, असं कारखान्यात म्हणत. त्यालाही ते आवडे.

एकदा फोनवर पाच वर्षांच्या कौमुदीनं भुसावळच्या आजीला विचारलं होतं, "आजी, साप्टिया?" जेवलीस का, एवढंच. आजी खो खो हसली. "काय म्हणते रे ही तुझी मद्राशीण?" हसण्यावारी न्यावं असंच ते होतं, पण गजेंद्रच्या ते जिव्हारी लागलं. त्या दिवसापासून घरात नियम झाला. उंबऱ्याच्या आत तमिळ नाही. वाक्यात एक जरी तमिळ शब्द आला तरी त्याचं बोट वर जाई. "पुन्हा. पहिल्यापासून."

शाळेतली गंमत सांगत धावत आलेली पोर दारातच अडायची. पुन्हा सांगायची, पुन्हा अडायची. तिसऱ्या खेपेला गंमत उरायचीच नाही. हळूहळू तिची मराठी अगदी स्वच्छ झाली. चूक काढायला जागा नाही. हो. नाही. बरं.

आजी मागच्या वर्षी गेली. नियम मात्र तसाच राहिला.

फॉर्म खिशात कोंबून गजेंद्र परसात आला आणि फणसाच्या झाडाआड थबकला. पायरीवर धनलक्ष्मी फणस फोडत बसली होती. शेजारी कौमुदी, कोपरापर्यंत तेल माखलेली, गरे सोडवत होती आणि बोलत होती. केवढं बोलत होती! हात नाचवत, भुवया उडवत, "अक्का, अक्का" करत. तमिळ धो धो वाहत होतं. अकरा वर्षं मद्रासकडे काढून गजेंद्रला भाजी घेण्यापुरतं येत होतं. त्याच्या हाती त्यातलं काही लागेना. ही मुलगी इतकी हसते?

मग ती उठली. नसलेला चष्मा नाकावर ओढला. एक आठळी दोन बोटांत धरून उजेडात फिरवली, मान हलवली, आणि जाड आवाज काढून म्हणाली, "पुन्हा. पहिल्यापासून."

तेवढंच मराठीत. आठळी टोपल्यात भिरकावली. धनलक्ष्मी पोट धरून हसली.

मग कौमुदी खाली बसली आणि हळू आवाजात आणखी काही म्हणाली. धनलक्ष्मीचं हसणं थांबलं. तिनं चिकट हाताची पाठ पोरीच्या गालाला लावली.

मागे विद्युलता येऊन उभी होती. तिला तमिळ कळत होतं.

"काय म्हणाली ती?"

"नका विचारू."

"लता, सांग."

"म्हणाली, घरी तोंड उघडायच्या आधी मी वाक्य मनात तीनदा तपासते. तोवर सांगायचंच राहून जातं."

"तुला माहीत होतं?"

"तुम्ही कामावर गेलात की मला सगळं सांगायची. तमिळमध्ये. दोघी चोरासारख्या बोलायचो, अहो. आपल्याच घरात."

गजेंद्रनं झाडाच्या खोडाला हात टेकला. चीक बोटांना चिकटला.

"'का जातेस' म्हणायचं तर?"

विद्युलतानं त्याच्याकडे पाहिलं. "एन् पोरे. आपल्या पोरीसारखंच, पोरे."

पोरे, पोरे, असं घोकत तो पायरीपर्यंत गेला. धनलक्ष्मी टोपलं उचलून आत गेली. कौमुदीचा चेहरा तेवढ्यात पुसल्यासारखा झाला.

"कौमुदी," तो म्हणाला. "एन्... एन् पोने?"

"पोरे हो!" झाडाखालून विद्युलता कळवळली. "पोने म्हणजे... का गेलीस."

कौमुदीनं वर पाहिलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून तिच्यासाठी ती भाषा, आणि तीही चुकलेली. गजेंद्र वाट पाहत राहिला. तिनं आता बोट वर करावं. म्हणावं, पुन्हा, पहिल्यापासून. त्यानं शंभरदा म्हटलं असतं.

तिनं चूक काढली नाही. जुन्या फडक्याला एकेक बोट पुसलं, फडकं घडी करून पायरीवर ठेवलं आणि त्याच्या बाजूनं, धक्का न लावता, फाटक उघडून ती रस्त्याला लागली. चुकलेला प्रश्न आता बरोबर झाला होता: का गेलीस.