उंबऱ्याचं सागवान

बाहुलीच्या घरातला पलंग काडेपेटीएवढा असतो आणि खुर्ची अंगठ्याएवढी. असलं सामान मी बहात्तरच्या दुष्काळात केलं. पेरणीच नव्हती, मग तिफण कोण करून घेणार? आमच्या सुतारांच्या सोसायटीकडं काम उरलं नव्हतं. तालुक्याच्या एका साहेबांनी शहरातल्या खेळण्यांच्या दुकानाची ऑर्डर मिळवून दिली: बाहुलीच्या सामानाची एक पेटी भरून द्यायची. त्या एका पेटीवर सोसायटी तगणार की बुडणार, हे ठरणार होतं.

अडचण लाकडाची होती. बाभळ ताजी तोडलेली. एवढ्याशा पायाला ओल सोसत नाही; संध्याकाळी सरळ तासलेला पाय सकाळी पीळ पडून वाकलेला असायचा. मुरलेलं सागवान हवं होतं, आणि गावात ते फक्त दारांना आणि चौकटींना होतं.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक घर कुलूपबंद होतं. घरची माणसं लांब कुठं तरी खडी फोडायला गेली होती. एका दुपारी, गाव कामावर गेलेलं असताना, मी त्या घराचा उंबरा काढला. चौकटीचे खांब ओढले असते तर मातीची भिंत अंगावर आली असती, म्हणून उंबराच. दोन्ही टोकांना करवत लावली, गोणपाटात गुंडाळून घरी आणला.

सुतार उंबऱ्याला करवत लावत नाही. तो बसवताना आम्ही नारळ फोडतो. घर मोडायचं झालं तरी उंबरा अख्खा उचलून बाजूला ठेवतो. वडिलांनी मला हत्यार हातात द्यायच्या आधी हे शिकवलं होतं. रंधा मारू लागलो तर लाकडाच्या भेगांतून हळद दिसायला लागली. किती बायकांनी वाहिलेली कोण जाणे, तेल पिऊन घट्ट झालेली. पटाशीनं टोकरून काढली तरी पिवळी झाक राहिली. तरी मी थांबलो नाही, याचंच मला आज नवल वाटतं.

काचकागद मारायला सोसायटीत एक जण यायचा, बौद्धवाड्यातला, माझ्याच वयाचा. सुतार नाही म्हणून त्याला सभासद केलं नव्हतं, पण त्याच्या हातासारखी सफाई आमच्यात कुणाचीच नव्हती. त्यानं पहिला पलंग उचलला, नाकाशी नेला आणि माझ्याकडं पाहिलं. मग काचकागद मारायला बसला. पेटी गेली, दुकानाला सामान पसंत पडलं, सोसायटी तगली.

पुढं ती माणसं परतली. घरच्या बाईनं कुलूप काढलं आणि ती तिथंच थबकली. पायाखाली नुसता चर. मी समोरच्या ओट्यावर बसलो होतो. कुणालाच उद्देशून नसल्यागत ती म्हणाली, "आता आत पाऊल कुठनं टाकू?" मग डोक्यावरचं गाठोडं घेऊन ती बाहेर मातीत बसली.

चावडीत बैठक बसली. संशय कुणावर घ्यायचा हे आधीच ठरल्यासारखं होतं. काचकागदवाल्याला बोलावलं. एक म्हातारे त्याला म्हणाले, "तुमी तर हळदकुंकू सोडलं. तुला उंबरा काय अन् सरपण काय."

तो माझ्याकडं बघत शांतपणे म्हणाला, "कापाची कड बघा. शिकल्याल्या हाताची हाय. अन् ते लाकूड मी सोता घासलंय. मिस्त्रींना इचारा."

संपलं, असं मला वाटलं. आणि बैठक हसली.

"अरं, सुतार कधी उंबऱ्याला करवत लावतो व्हय? बाभळीला आंबे लागले म्हन की."

खोटं बोलायची मी तयारी करून गेलो होतो. ते बोलायचीही गरज पडली नाही. जे करायचं नसतं ते मी केलं होतं, आणि सुतार ते करत नाही म्हणूनच मी सुटत होतो. मला एवढंच विचारलं, "कापायला तुमीच शिकवलं का ह्याला?" मी होकाराची मान हलवली.

आठवड्याच्या आत तो बायकापोरं घेऊन गाव सोडून गेला. येडशीला हमाली करतो, असं कळलं. उंबरा चोरल्याचा डाग मात्र त्याच्या घराण्याला लागला, आणि गावात ते अजूनही सांगतात.

या उन्हाळ्यात मी येडशीला गेलो. तो वारला होता. त्याच्या मुलानं, आता तोही पिकल्या केसांचा, मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. तो रागावेल, रडेल, कदाचित माफ करेल, असं धरून गेलो होतो. त्यानं तांब्या खाली ठेवला.

"हे मला कशाला सांगता, काका? आमच्या वडिलांनी आम्हाला समदं सांगितलं होतं. ज्यांना ठाऊक न्हाय, त्यांना सांगा."

परतीच्या गाडीत मला उमगलं. भरल्या चावडीत केलेलं पाप मी एका माणसाच्या कानात फेडायला गेलो होतो.

म्हणून हे छापायला देतो आहे. तो उंबरा मी कापला. आणि मान हलवली तेही खोटं होतं. त्याला मी कापायला कधीच शिकवलं नाही. आमच्या सोसायटीत त्याला करवतीला हात लावायची परवानगी नव्हती.