शिवकन्यानं भाजलेली एरंडी

घाटनांदूरच्या शिवकन्याला कुनी इचारलं, तू काय करती, तर ती सरळ सांगायची, एरंडीचं तेल काढते, आन् काय. आठवीला शाळा सुटली त्येचं तिला काडीचं दुख न्हवतं. दुख होतं ते संस्कृती नावाच्या पोरीचं.

रोहिणी आन् शिवकन्या एका गल्लीतल्या, एका ताटात जेवलेल्या. रोहिणी शिकत शिकत पुन्याच्या एका लॅबमधी गेली. तवापासनं फोनवर एकच. संस्कृती असं म्हनली, संस्कृतीनं डबा आनला, संस्कृतीला लई कळतं. ही पोरगी रोहिणीच्या शेजारच्या टेबलावर काम करायची. शिवकन्यानं तिचा फोटू मोबाईलवर मोठा करकरून बघितला. नाक नकटं हाय, असं आईला, छबुबाईला, सांगितलं तवा कुठं तिला भाकर गोड लागली.

मंग एक दिवस रोहिणीनं काम सांगितलं. लाल देठाच्या एरंडीची किलोभर बी पायजे. शिवकन्यानं इचारलं, कावून? एरंडीच्या बीत जहर असतं, रोहिणी म्हनली, पन मोकळं सोडलं तर ते चांगलं-वाईट सगळंच मारतं. म्हनून त्येला अँटीबॉडी जोडायची. ती कॅन्सरच्या पेशीला वळखती आन् तिलाच जाऊन चिकटती.

"ऊसतोडीचा मुकादम टोळीला नेमका फड दाखवतो का न्हाई? तसं. अँटीबॉडी मुकादम, जहर कोयता."

औषद व्हायला लई वर्सं लागतील, आता नुसतं काचंच्या भांड्यात पेशी मरत्यात का एवढंच बघायचं, असंबी ती म्हनली. शिवकन्याला मुकादम कळला, कोयता कळला. पन मनात बसलं ते येगळंच. हे काम रोहिणीनं संस्कृतीला सांगितलं न्हाई.

तीन दिवस बांधाबांधानं हिंडून तिनं बी गोळा केली, एकेक निवडली. आता छबुबाईच्या घरचा नेम असा, की कच्ची एरंडी दुसऱ्याच्या घरात द्यायची न्हाई. कुनाचं लेकरू चुकून खाईल, वासरू तोंड लावील. शिवकन्यानं नेम पाळला. गरम वाळूत बी अशी बेतानं भाजली, की टरफलाची चकाकीबी गेली न्हाई. रोहिणीला सांगितलं न्हाई. सांगायचं काय त्यात, घरोघर तसंच करत्यात.

पंधरा दिसांनी फोन आला. रोहिणीचा आवाज बसलेला. बीतल्या जहरात जीवच न्हाई, पेशी मजेत जित्या. दोनदा केलं, दोनदा फुकट. लॅबच्या मॅडम म्हनल्या तुझा हात चुकतोय, आता हे काम संस्कृती करील. मी गावाकडंच येते, बास झालं, असं म्हनून तिनं फोन ठिवला.

खरं सांगायचं तर शिवकन्याला पहिल्यांदा आनंद झाला. रोहिणी घरी यील, रोज संध्याकाळी वट्ट्यावर बसंल, आन् ती नकटी तिकडं एकलीच मरंल. पन मंग तिला वाळूत भाजलेली बी आठवली. तिनं आईला इचारलं, भाजल्यावर एरंडीचं जहर ऱ्हातं का? छबुबाईनं वर न बघता सांगितलं, न्हाई, म्हनून तर भाजायची.

शिवकन्यानं तोंड उघडलं न्हाई तर कुनाला कळनार बी न्हवतं. रोहिणी आलीच असती. पन रोहिणीचा हात चुकतो, हे तिला सोसंना. रोहिणीला नावं ठिवायची तर ती शिवकन्यानंच, दुसऱ्या कुनी न्हाई.

तिनं फोन लावला. "रोहे, बी मी भाजून दिलती."

"काय?"

"वाळूत. घरच्यावानी."

"येडे," रोहिणी म्हनली, "थांब. आता हेच सगळ्यांम्होरं सांग."

रोहिणीनं फोन स्पीकरवर टाकला. शिवकन्यानं परत सांगितलं. वाळू, आच, आईचा नेम, सगळं. मदीच कुनीतरी बारीक हसलं. कोन, ते तिला बराबर कळलं. कान तापले, पन तिनं फोन कापला न्हाई. मॅडम हसल्या न्हाईत. किती येळ भाजली तेवढं इचारलं, मंग म्हनल्या, चूक रोहिणीची न्हवती, तिचं काम तिच्याकडंच ऱ्हाईल. कच्ची बी पाठव. बी उतरवून घ्यायचं काम संस्कृतीचं, तर पार्सल तिच्या नावानं कर.

दुसऱ्या दिवशी शिवकन्यानं कच्ची बी दोन पिशव्यांत बांधली. वर ठळक लिवलं, जहरी हाय, कुनी तोंडात घालू नका. मंग नाव लिवाया घेतलं. पेन एवढा दाबला, की कागद फाटला. तिनं दुसरा कागद घेतला आन् संस्कृतीचं नाव सावकाश, नीट लिवलं. पार्सल हरवून चालनार न्हवतं.