एक ठोका आधी

सुरुवातीलाच सांगते, भुतंखेतं, आत्मे वगैरेंवर माझा काडीचाही विश्वास नाही. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. जो बग पुन्हा करून दाखवता येत नाही, त्याला मी बग मानत नाही. तरीही हे लिहितेय...

माझा धाकटा भाऊ मिहिर आणि मी सदाशिव पेठेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये गिटार वाजवायचो. एक इंग्रजी गाणं आम्ही कॅसेट ऐकून ऐकून बसवलं होतं. ती कॅसेट एकदा टेपरेकॉर्डरमध्ये गुंतली. आईने चुरगळलेला तुकडा कात्रीने कापला आणि टेप सेलोटेपने जोडली. त्या जोडावर एक ठोका गळाला. मिहिरच्या कानात गाणं तसंच बसलं, त्यामुळे तिथे आलं की तो एक ठोका आधीच उडी मारायचा. पुढे पगारातून मी सीडी आणली, मूळ गाणं ऐकवलं. तर म्हणतो कसा, "ताई, सीडीवाल्यांचंच चुकलंय!" मी नीट मोजून वाजवायची, आणि हा शहाणा दर वेळी पुढे जाऊन माझ्याकडे बघून हसायचा.

मिहिर लोणी काळभोरला कॉलेजला बाइकवरून जायचा. एका सकाळी गेला, आणि सोलापूर रोडवरच्या हॉस्पिटलमधून फोन आला. त्यानंतर आमच्या घरात गिटार वाजलं नाही.

पुष्कळ महिन्यांनी आईच म्हणाली, "ते तुमचं गाणं वाजव ना गं. घर खायला उठतं." पण गाणं दोन गिटारांचं, आणि मी एकटी. ऑफिसातल्या एकाने सुचवलं, कोरस पेडल घे, गिटारला जोडायची छोटी डबी असते, एक गिटार दोघं वाजवतायत असं वाटतं.

नारायण पेठेत पूर्वी फक्त पेटी-तबला विकणारं एक दुकान आहे. आता तिथे शोकेसमध्ये पेडलही असतात. शनिवारी दुपारी गिटार घेऊन गेले. दुकानात मी आणि मालक, बास. काका पाठ करून एका पेटीचे सूर जुळवत होते.

"लावून बघा. ऐकायला पैसे पडत नाहीत," ते म्हणाले.

पहिल्या पेडलवर आवाज पाण्यात बुडाल्यासारखा येत होता. दुसरं अगदीच किरकिरं. तिसरं मात्र गोड होतं. मी आमचं गाणं सुरू केलं. जोडाची जागा आली, मी नेहमीसारखी मोजून थांबले — आणि ॲम्प्लिफायरमधून पुढचा सूर आला. माझं बोट तारेवर पडायच्या आधी. बरोबर एक ठोका आधी.

मी तारांवरून हात उचलला.

काका मान न वळवता म्हणाले, "अहो, दोघांनी एका तालात वाजवा की. दुसऱ्याला फार घाई दिसतेय."

मग वळले. मी एकटीच. त्यांनी पेडल हातात घेतलं, उलटसुलट केलं. "यात मूळ आवाजाची नक्कल निघते हो, किंचित मागून. पुढून कशी येईल?" त्यांचाही आवाज उतरला होता. मी तिथेच पुन्हा पुन्हा वाजवलं, रडत वाजवलं. काही नाही. काकांनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

तेच पेडल घरी आणलं. केबल बदलली, बॅटरी बदलली, सगळं ताडून पाहिलं. आमच्या धंद्यात याला 'नॉट रिप्रोड्युसिबल' म्हणतात आणि विषय बंद करतात. मला तो बंद करता येत नाही. भास म्हणावा, तर काकांनी ऐकलं ते काय?

मी आईला सांगायला नको होतं का, कळत नाही. आता रोज संध्याकाळी ती भाजी निवडायला माझ्या शेजारी बसते. जोडाची जागा जवळ आली की तिचे हात थांबतात. मी मोजते, थांबते, वाजवते. मागून येतो तो माझाच आवाज.

"आला का गं?"

"नाही, आई."

ती मेथीची काडी हातात तशीच धरून बसते. मग म्हणते, "परत वाजव."