वर बघ, रेवा

समोरच्या घरातल्या प्रसादचा फोन आला तेव्हा मी दुबईत, अल बर्शाच्या ऑफिसात होते. भर कामाच्या वेळी त्या घरातून फोन आला, की मला पहिली धास्ती त्यांच्या लेकीची. "रेवा बरी आहे ना?" मी त्याला बोलूच दिलं नाही. "रेवा स्कूलमध्ये आहे, ताई. मंजिरी... मंजिरी गेली." सकाळपासून त्याच्या बायकोच्या छातीत दुखत होतं. तिने ॲसिडिटीची गोळी घेतली, मुलीला बसमध्ये बसवलं, आणि घरी येऊन सोफ्यावर आडवी झाली ती उठलीच नाही. महिना होत आला, पण मला अजून तिचा राग येतो. मुलीच्या साध्या शिंकेवर पाळत ठेवणारी बाई, स्वतःच्या छातीतली कळ मात्र मुकाट गिळून बसली!

शारजात रोल्लाला आमची दारं समोरासमोर. रेवा जन्मली तेव्हा मंजिरीची आई बाळंतपणासाठी पुण्याहून आली होती. काकू रोज सकाळी बाळाला पायांवर घेऊन टाळूवर कोमट तेल जिरवायच्या. टाळू भरली की आपल्याकडे अर्धी काळजी मिटते, आणि रेवाची तर चार महिन्यांतच टम्म भरली. आम्ही केवढ्या खूश! "काकू, तुमच्या हाताला यश आहे हं," असं मजल्यावरची प्रत्येक बाई म्हणून गेली. मग लस द्यायच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी बाळाच्या डोक्याभोवती टेप लावली, पुन्हा लावली, आणि त्यांचं हसणं थांबलं. मेंदूत पाणी साठत होतं. आम्ही जिचं कौतुक करत होतो, ती टाळू त्या पाण्यानेच वर ढकलली होती. त्या दिवसापासून काकूंनी तेलाच्या वाटीला हात लावला नाही. मंजिरी मात्र आईला एका शब्दाने बोलली नाही. उलट, "तुझ्याजवळच ती गप्प राहते, तूच घे," म्हणून बाळ मुद्दाम त्यांच्याच मांडीवर द्यायची.

सर्जन मोठे मृदू गृहस्थ होते. पाण्याची वाट अडली आहे, दुर्बिणीने आत जाऊन एक छोटंसं भोक पाडू, म्हणजे पाणी नव्या वाटेने जाईल, असं त्यांनी समजावलं. जमलं तर डोक्यातून पोटापर्यंत नळी घालायला नको. इतक्या लहान बाळांत ते दरवेळी टिकतंच असं नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. आमच्या रेवाचं टिकलं. ऑपरेशननंतर टाळू हळूहळू खाली बसली, आणि बसलेल्या टाळूचे पेढे वाटणारं घर साऱ्या शारजात आमच्या मजल्यावरचंच असेल. पण घरी सोडताना ते म्हणाले होते, "हे भोक काही वर्षांनीसुद्धा अचानक बंद होऊ शकतं. डोकेदुखी, उलट्या, सुस्ती, नजर वर न जाणं... यातलं काही दिसलं तर थांबू नका. इन्शाल्ला, वेळ येणार नाही. पण घरात लक्ष ठेवणारं कुणीतरी हवं."

ते कुणीतरी म्हणजे मंजिरी. एकदा आम्ही सगळे फुजैराला समुद्रावर निघालो होतो. डोंगरातल्या वळणांवर रेवाला उलटी झाली, तशी हिने गाडी वळवून थेट हॉस्पिटल गाठायला लावलं. निघालं काय, तर गाडी लागली होती! समुद्र राहिला तो राहिलाच. मी तिला त्यावरून वर्षभर चिडवलं. "चिडव गं," ती म्हणायची, "मला उशीर परवडत नाही." रोज सकाळी बसच्या थांब्यावर ती लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायची, "वर बघ, रेवा." विमान, एसीच्या डब्यावरचं कबुतर, काहीही दाखवायची. तिला फक्त बुबुळं वर गेलेली हवी असत. तिसरीतली रेवा लाजेने लाल व्हायची. "मम्मा, आय ॲम फाइन! एव्हरीवन इज लुकिंग!" "बघू देत. यल्ला, चल, वर!"

गेल्या आठवड्यात प्रसादला लवकर निघायचं होतं, म्हणून रेवाला बसपर्यंत सोडायला मी गेले. ती आताशा फार कमी बोलते. बस आली, मी तिच्या दप्तराचा पट्टा सारखा केला, पण ही काही चढेना. मला वाटलं, रडणार. तिने माझा हात धरला आणि उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "मावशी, चेक. मम्मा इज नॉट हिअर, सो यू हॅव टू." आणि तिने वर पाहिलं.

माझ्या डोळ्यांत एवढं पाणी आलं, की मला तिचे डोळे दिसेचनात. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. "परत एकदा, बाळा," मी म्हटलं.

तिने जराही कुरकुर न करता परत वर पाहिलं.